मागेल त्याला मदत, न मागेल त्याचे काय?

‘रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही’ ही म्हण आपण व्यवहारज्ञान म्हणून एकमेकांना ऐकवतो, आणि ऐकवताना त्या रडू न शकणाऱ्या मुलाचा विचार सहसा आपल्या मनात येत नाही. विद्यापीठांमधील विद्यार्थी-साहाय्याची सारी व्यवस्था जवळजवळ याच म्हणीवर उभी आहे. शिष्यवृत्ती विभाग, समुपदेशन केंद्र, आरोग्य केंद्र, अपंग विद्यार्थ्यांसाठीचा कक्ष, वसतिगृहाचे कार्यालय, तक्रार निवारण समिती, रोजगार मार्गदर्शन केंद्र ही यादी कोणत्याही मोठ्या विद्यापीठाच्या माहितीपत्रकात सापडते आणि ती खोटीही नसते. परंतु यातील प्रत्येक सेवेची सुरुवात विद्यार्थ्याने स्वतः उठून जाण्यापासून होते. आपल्याला अडचण आहे हे त्याने आधी ओळखायचे, त्या अडचणीला कार्यालयाच्या भाषेतले नाव द्यायचे, योग्य खिडकी शोधायची, अर्ज भरायचा, पुरावे जोडायचे आणि उत्तर येईपर्यंत धीर धरायचा. ज्याच्या अंगी हे सर्व करण्याचे बळ शिल्लक आहे, त्याची अडचण अर्धी सुटलेलीच असते. उरलेल्या विद्यार्थ्यांना मदत उपलब्ध असते, पण ती त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. आणि या दोन गोष्टींमधील अंतर भरून काढण्याची जबाबदारी विद्यार्थ्यावर न टाकता विद्यापीठाने स्वतःकडे घ्यावी, असे माझे म्हणणे आहे.

विद्यार्थ्यांना आधार देणे ही अलीकडची चैन आहे, असा समज असणाऱ्यांनी इतिहासाकडे एकदा पाहावे. ऑक्सफर्डमध्ये १२४० साली बिशप रॉबर्ट ग्रोस्टेस्ट यांनी सेंट फ्रिड्सवाइड यांच्या नावाची एक पेटी सुरू केली. गरीब विद्यार्थ्यांना तिच्यातून बिनव्याजी कर्ज मिळे. मात्र त्यासाठी काहीतरी गहाण ठेवावे लागे, आणि ती वस्तू बऱ्याचदा पुस्तक असे. म्हणजे शिकण्यासाठी पैसे हवेत म्हणून शिकण्याचे साधनच पेटीत ठेवायचे. ज्याच्याकडे गहाण ठेवण्यासारखे पुस्तकही नव्हते, त्याच्यासाठी त्या पेटीचा उपयोग फारसा नसावा. आठशे वर्षांत गहाणाचे स्वरूप बदलले आहे. आज उत्पन्नाचा दाखला, वैद्यकीय प्रमाणपत्र, विभागप्रमुखांची शिफारस या वस्तू पेटीत ठेवाव्या लागतात, आणि त्या मिळवण्याची ऐपत हीच पुन्हा पात्रतेची पहिली पायरी ठरते. मानसिक आरोग्याच्या सेवेचा आरंभ सर्वसाधारणपणे १९१० पासून मोजतात. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात त्या वर्षी मानसोपचारतज्ज्ञ स्ट्युअर्ट पेटन यांनी अशी पहिली सेवा सुरू केली. तिच्यामागचे निरीक्षण साधे होते: अभ्यासात चांगली असलेली मुले अभ्यास न झेपल्यामुळे नव्हे, तर मनाच्या अस्वस्थतेमुळे विद्यापीठ सोडून जात होती. प्रश्न तेव्हाच नीट कळला होता. उत्तर मात्र अजूनही दारावर पाटी लावण्याच्या पलीकडे फारसे गेलेले नाही.

पाटी पुरेशी नसते याचे पुरावे आता भरपूर आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानसिक आरोग्य सर्वेक्षणांच्या आधारे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २१ देशांतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची माहिती तपासली गेली. गेल्या बारा महिन्यांत कोणता ना कोणता मानसिक विकार झालेल्यांचे प्रमाण साधारण २० टक्के होते, आणि त्यांच्यापैकी त्या वर्षात काही उपचार मिळालेल्यांचे प्रमाण केवळ १६.४ टक्के. या २१ देशांत श्रीमंत देशही होते, गरीबही होते. सेवांचा तुटवडा हे यामागचे एक कारण आहेच, पण सेवा असलेल्या ठिकाणीही विद्यार्थी जात नाहीत, ही बाब तेवढ्याने स्पष्ट होत नाही.

पैशांच्या मदतीबाबतचा एक प्रयोग मला याहून बोलका वाटतो. अमेरिकेत उच्च शिक्षणासाठी सरकारी आर्थिक साहाय्य हवे असेल तर जो केंद्रीय अर्ज भरावा लागे, त्यात शंभराहून अधिक प्रश्न असत. २००८ मध्ये काही अर्थशास्त्रज्ञांनी एका करसल्लागार कंपनीच्या कार्यालयांतून एक चाचणी घेतली. प्राप्तिकराचे विवरणपत्र भरायला आलेल्या, कमी उत्पन्नाच्या कुटुंबांपैकी काहींना तिथल्या तिथे तो अर्ज भरून दिला, कारण लागणारी बहुतेक माहिती विवरणपत्रात आधीच होती आणि काम काही मिनिटांचे होते. दुसऱ्या गटाला त्यांना किती साहाय्य मिळू शकेल याचा हिशेब सांगितला आणि अर्ज करण्याचे आवाहन केले. ज्या घरांतील मुले शालेय शिक्षणाच्या शेवटच्या वर्षात होती, त्यांच्यापैकी अर्ज भरून मिळालेल्या गटात पुढील तीन वर्षांत महाविद्यालयाची दोन वर्षे पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण २८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेले. नुसती माहिती मिळालेल्या गटात म्हणण्यासारखा काहीच फरक पडला नाही. आपल्याकडील परिपत्रके, भित्तिपत्रके, प्रवेशाच्या दिवशी होणारी दोन तासांची उद्बोधन सभा आणि तिच्यात दाखवल्या जाणाऱ्या चित्रफिती या सगळ्या गोष्टी या दुसऱ्या गटातल्या आहेत, हे ध्यानात घेतले तर विद्यार्थी कल्याणाच्या नावाखाली आपण नेमका कशावर खर्च करतो याचा फेरविचार करावा लागेल.

मिशिगन विद्यापीठाने २०१५ मध्ये आरंभलेल्या प्रयोगातही हेच दिसले. कमी उत्पन्नाच्या घरातील हुशार विद्यार्थ्यांना विद्यापीठाने पत्र पाठवले की, तुम्हाला प्रवेश मिळाला तर चार वर्षांचे शिक्षणशुल्क माफ असेल आणि त्यासाठी आर्थिक परिस्थितीचे कोणतेही अर्ज भरावे लागणार नाहीत. यांतील बहुतेक मुलांना नेहमीच्या मार्गानेही तेवढीच मदत मिळाली असती. बदलली होती ती फक्त खात्रीची आणि कागदपत्रांची बाजू. तरीही प्रवेशासाठी अर्ज करणाऱ्यांचे प्रमाण २६ टक्क्यांवरून ६८ टक्क्यांवर आणि प्रत्यक्ष प्रवेश घेणाऱ्यांचे १२ वरून २७ टक्क्यांवर गेले. ‘अर्ज करा, पात्र असाल तर विचार करू’ हे वाक्य आणि ‘हे तुमचे आहे, घ्या’ हे वाक्य, दोन्हींत रक्कम तीच असली तरी ऐकणाऱ्याला ती दोन वेगळी वाक्ये वाटतात.

विद्यार्थी मदत का मागत नाहीत याची कारणे शोधताना लाज आणि संकोच यांच्यावर आपण नको इतका भर देतो, असे मला वाटते. लाज असतेच. पण अनेकदा आपली अडचण ही ‘अडचण’ या सदरात बसते हेच विद्यार्थ्याला ठाऊक नसते. झोप लागत नाही, पुस्तक उघडले की अक्षरे डोळ्यांसमोरून जातात पण मनात उतरत नाहीत, सकाळी अंथरुणातून उठणे जड जाते, याला तो आळस म्हणतो आणि स्वतःला दोष देतो. ज्याच्या घरात पूर्वी कोणी विद्यापीठाची पायरी चढलेले नाही, त्याला मुदतवाढ मागता येते, गुणांची फेरतपासणी मागता येते, आजारपणात परीक्षा पुढे ढकलून घेता येते, हे नियम म्हणून माहीत असले तरी ते आपल्यासारख्यासाठी आहेत असे वाटत नाही. ज्याचे आईवडील शिकलेले आहेत त्याला हे घरातच कळते: कोणाला भेटायचे, कसे लिहायचे, नकार आला तर पुन्हा कसे विचारायचे. आणि काही विद्यार्थी निव्वळ सभ्यपणामुळे मागे राहतात. आपल्यापेक्षा जास्त गरजू कोणीतरी असेल, त्याची जागा आपण कशाला अडवायची, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटते. मागणाऱ्यालाच देणारी व्यवस्था अशा प्रकारे ज्यांना आधीच सवय आहे त्यांच्याकडे कलते, आणि तिला आपण समान संधी म्हणतो.

अडचणी कार्यालयांच्या हद्दी पाळत नाहीत, ही आणखी एक गोष्ट. समजा, एका विद्यार्थिनीचे शुल्क थकले. लेखा विभाग नियमाप्रमाणे तिची पुढील सत्राची नोंदणी रोखतो. नोंदणी नसल्यामुळे ग्रंथालयाचे कार्ड आणि संगणकीय खाते बंद पडते. पैशांसाठी ती संध्याकाळचे काम धरते, त्यामुळे सकाळचे तास बुडू लागतात. हजेरी कमी म्हणून अंतर्गत गुण कापले जातात. गुण घसरले म्हणून शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाची अट मोडते, आणि शिष्यवृत्ती थांबल्यावर थकबाकी दुप्पट होते. या साखळीत प्रत्येक कार्यालयाने आपापले काम नियमानुसार चोख केले आहे. लेखा विभागाला थकबाकी दिसली, विभागाला गैरहजेरी दिसली, वसतिगृहाच्या अधीक्षकांना रात्री उशिरा परतणे दिसले, शिष्यवृत्ती कक्षाला अपुरे गुण दिसले. ती मुलगी मात्र अखंड अशी कोणालाच दिसली नाही. शेवटी कोणीतरी कनवाळूपणे तिला समुपदेशकाकडे पाठवते. समुपदेशक तिला श्वासोच्छ्वासाचे व्यायाम शिकवेल, तिचे म्हणणे शांतपणे ऐकेल, पण तिच्या दुःखाचे मूळ ज्या थकबाकीत आहे तिच्यावर त्याची सही चालत नाही.

समुपदेशनाविषयी येथे थोडे स्पष्ट बोलायला हवे, कारण सध्या विद्यार्थ्यांच्या कोणत्याही प्रश्नावर समुपदेशक वाढवा हे एकच उत्तर ऐकू येते. समुपदेशक हवेतच, आणि आहेत त्यांहून पुष्कळ जास्त हवेत; समुपदेशन केंद्रांना मान्यता देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा दंडक अनेक वर्षे दर एक हजार ते दीड हजार विद्यार्थ्यांमागे एक पूर्णवेळ समुपदेशक असा होता, आणि तो पाळणारी विद्यापीठे विरळाच. परंतु निकाल चार महिने लांबवणारे परीक्षा विभाग, विद्यार्थ्याला अपमानास्पद बोलणारे प्राध्यापक, गळक्या खोल्या आणि अनिश्चित शिष्यवृत्ती यांतून निर्माण झालेला ताण विद्यार्थ्याच्या मनाचा प्रश्न म्हणून नोंदवला गेला, की संस्था सुटते आणि रोगी मात्र विद्यार्थी ठरतो. वेळेवर जाहीर झालेला निकाल ही मानसिक आरोग्याची सेवा आहे, असे मी म्हटले तर ते कोणाला चमत्कारिक वाटेल. पण ज्याने पुढील प्रवेशाची मुदत टळताना निकालाची वाट पाहिली आहे त्याला वाटणार नाही.

मग विद्यापीठाने स्वतःहून पुढे जायचे म्हणजे काय करायचे? अटलांटातील जॉर्जिया स्टेट विद्यापीठाचे उदाहरण येथे उपयोगी आहे. शुल्कातील लहानसहान थकबाकीमुळे अनेक विद्यार्थ्यांची नावे प्रत्येक सत्रात पटावरून कमी होत, आणि त्यांतील कित्येक पदवीच्या अगदी जवळ आलेले असत. २०११ पासून विद्यापीठाने अशा विद्यार्थ्यांची यादी स्वतः काढायला सुरुवात केली आणि पात्र विद्यार्थ्यांच्या खात्यात लहान अनुदान परस्पर जमा केले. यासाठी विद्यार्थ्याने अर्ज करायचा नव्हता. विद्यापीठ त्याला कळवत असे की, तुमची एवढी बाकी आम्ही भरली आहे, आता सल्लागाराला भेटा आणि पुढचे नियोजन करा. थकबाकीची नोंद प्रत्येक विद्यापीठाकडे असते. तिचा उपयोग नाव कापण्यासाठी करायचा की हात देण्यासाठी, एवढाच निर्णय तेथे बदलला.

न्यू यॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये आपल्या कम्युनिटी महाविद्यालयांत, म्हणजे दोन वर्षांच्या पदवीचे शिक्षण देणाऱ्या महाविद्यालयांत, सुरू केलेला ‘एसॅप’ हा कार्यक्रम याहून व्यापक आहे आणि त्याची तपासणीही काटेकोर झाली आहे. त्यात शुल्कातील तूट भरून दिली जाते, पुस्तकांचा खर्च दिला जातो, प्रवासाचा पास दिला जातो. पण माझ्या मते कळीचा भाग आहे तो सल्लागाराचा. एका सल्लागाराकडे साठ ते ऐंशी विद्यार्थी असत, तर त्याच महाविद्यालयांतील इतर विद्यार्थ्यांच्या सल्लागारांकडे सहाशे ते दीड हजार. भेट ऐच्छिक नव्हती, ठरलेली होती, आणि महिन्याचा पास भेटीशी जोडलेला होता. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या दोन गटांची तुलना केली तेव्हा तीन वर्षांत पदवी मिळवणाऱ्यांचे प्रमाण कार्यक्रमातील गटात ४० टक्के आणि बाहेरच्या गटात २२ टक्के निघाले. नंतर ओहायो राज्यातील तीन महाविद्यालयांनी हाच नमुना राबवला तेव्हा तेथेही पदवीधरांचे प्रमाण जवळपास दुप्पट झाले. शिक्षणक्षेत्रातील प्रयोगांमध्ये इतका मोठा फरक क्वचितच दिसतो. दर विद्यार्थ्यामागे खर्च वाढतो हे खरे, परंतु दर पदवीमागे हिशेब केला तर तो न्यू यॉर्कमध्ये उलट कमी भरला, कारण अर्ध्यावर शिक्षण सोडून गेलेल्या विद्यार्थ्यावर झालेला खर्चही खर्चच असतो. आपण तो कोणत्याही ताळेबंदात दाखवत नाही, एवढेच.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप असा घेतला जातो की विद्यापीठातील विद्यार्थी सज्ञान असतो. त्याच्यामागे असे धावणे म्हणजे त्याला लहान मूल समजणे होय. हा आक्षेप मला पूर्ण झटकून टाकावासा वाटत नाही. विद्यार्थ्याच्या हजेरीपासून ग्रंथालयातील वावरापर्यंत सर्व नोंदी एकत्र करून ‘हा विद्यार्थी धोक्यात आहे’ असे भाकीत करणाऱ्या संगणकीय प्रणाली आता विकल्या जातात आणि विद्यापीठे त्या हौसेने घेतात. अमेरिकेतील काही मोठ्या विद्यापीठांच्या अशा प्रणालीत विद्यार्थ्याचा वंश हाच धोक्याचा एक ठळक निर्देशक म्हणून मोजला जात असल्याचे २०२१ मध्ये पत्रकारांनी उघडकीला आणले. ज्याला मदत करायची, त्याच्याच कपाळावर आधी शिक्का मारायचा, असा हा प्रकार झाला. अशा यादीत नाव आले म्हणून एखाद्या प्राध्यापकाने विद्यार्थ्याला सोप्या विषयाकडे वळवले, तर ती मदत नाही, वाट अडवणे आहे.

तरीही या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष, म्हणजे विद्यार्थी येईपर्यंत थांबावे हा, मला मान्य नाही. पुढे केलेला हात नाकारण्याचा अधिकार सज्ञान माणसाला असतो आणि तो अबाधित राहिला पाहिजे. पण नाकारण्यासाठी हात आधी पुढे यावा लागतो. इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठाने काही विद्यार्थ्यांच्या मृत्यूंनंतर २०१८ मध्ये एक साधी पद्धत आणली. नोंदणीच्या वेळीच प्रत्येक विद्यार्थ्याला विचारले जाते की, तुमच्याविषयी गंभीर काळजी वाटली तर तुम्ही नेमलेल्या व्यक्तीशी आम्ही संपर्क साधावा का. ती व्यक्ती आईवडीलच असली पाहिजे असे नाही. नव्वद टक्क्यांहून अधिक विद्यार्थ्यांनी होकार दिला. खासगीपणाच्या नावाखाली ज्यांच्यावतीने आपण परस्पर ‘नको’ म्हणत आलो, त्यांना कधी विचारलेच नव्हते, असा याचा अर्थ होतो. प्रश्न संकटाच्या आधी, शांतपणे आणि सर्वांना विचारला गेला, हे त्या पद्धतीचे खरे बळ आहे. सर्वांना विचारल्यामुळे कोणालाही वेगळे काढले गेले नाही.

त्याच ब्रिस्टल विद्यापीठाविरुद्धच्या एका खटल्याने पुराव्याच्या प्रश्नावरही मोठा प्रकाश टाकला आहे. तीव्र सामाजिक भयगंडाने त्रस्त असलेल्या भौतिकशास्त्राच्या एका विद्यार्थिनीचा २०१८ मध्ये, तिला सर्वांसमोर सादरीकरण करायचे होते त्याच दिवशी मृत्यू झाला. तोंडी परीक्षा तिला अशक्य होत होती हे शिक्षकांना महिनोन् महिने दिसत होते. परंतु सवलतीसाठीची रीतसर प्रक्रिया तिने पूर्ण केलेली नव्हती. २०२२ मध्ये न्यायालयाने विद्यापीठाला अपंगत्वाच्या आधारावरील भेदभावासाठी जबाबदार धरले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने विद्यापीठाचे अपील फेटाळले. विद्यार्थ्याचे वागणे आणि बोलणे हाच पुरावा ठरू शकतो आणि परिस्थिती गंभीर असेल तर कागदाची वाट पाहत बसता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. विषयाचे ज्ञान तपासणे आणि ते ज्ञान तोंडीच सांगितले पाहिजे असा हट्ट धरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही त्यात स्पष्ट झाले. प्रमाणपत्राशिवाय सवलत दिली तर तिचा गैरफायदा घेतला जाईल, ही भीती मला नेहमी थोडी विनोदी वाटते. चार विद्यार्थ्यांनी विनाकारण आठवड्याची मुदतवाढ घेतली, तर विद्यापीठाचे नेमके किती नुकसान होते?

सेवा कोणी चालवावी हा प्रश्न यातूनच निघतो. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात १९६२ मध्ये एड रॉबर्ट्स यांना प्रवेश मिळाला. पोलिओमुळे त्यांचे शरीर मानेखाली जवळजवळ निकामी झाले होते आणि रात्री श्वासासाठी त्यांना ‘लोखंडी फुफ्फुस’ म्हणून ओळखले जाणारे भले मोठे यंत्र लागे. ते वसतिगृहात मावेना, म्हणून त्यांची सोय विद्यापीठाच्या रुग्णालयात करण्यात आली. पुढे त्यांच्यासारखे आणखी विद्यार्थी तेथे आले, ते संघटित झाले आणि १९७० मध्ये त्यांच्याच पुढाकाराने अपंग विद्यार्थ्यांसाठीचा कार्यक्रम उभा राहिला. मदतनीस शोधून देणे, चाकाची खुर्ची बिघडली तर ती लगेच दुरुस्त करणे, राहण्यायोग्य घरे शोधणे अशी कामे तो करी. खुर्ची दुरुस्तीची सोय कोणत्याही प्रशासकाला सुचली नसती. ती ज्याची खुर्ची तासाच्या मध्येच बंद पडली आहे त्यालाच सुचते.

जर्मनीत विद्यार्थ्यांची वसतिगृहे, भोजनगृहे, सामाजिक सल्ला आणि सरकारी शिक्षण-साहाय्याची कामे विद्यापीठे सहसा स्वतः पाहत नाहीत. पहिल्या महायुद्धानंतरच्या हलाखीत विद्यार्थ्यांच्या स्वावलंबनाच्या चळवळीतून उभ्या राहिलेल्या, आज पन्नासहून अधिक असलेल्या स्वतंत्र सार्वजनिक संस्था ही कामे करतात आणि प्रत्येक विद्यार्थी दर सत्राला त्यांना ठरावीक वर्गणी देतो. फिनलंडमध्ये विद्यार्थी संघटनेच्या पुढाकाराने १९५४ मध्ये स्थापन झालेली विद्यार्थी आरोग्य संस्था मनाच्या, शरीराच्या आणि दातांच्याही आरोग्याची काळजी घेते. २०२१ पासून उपयोजित विज्ञानांच्या विद्यापीठांतील विद्यार्थीही तिच्या कक्षेत आले. या रचनांचा एक फायदा सहज नजरेत भरत नाही. गुण देणारा हात आणि औषध देणारा हात तेथे एकाच शरीराचे नसतात. समुपदेशन केंद्राचे दार विभागप्रमुखांच्या खोलीसमोर उघडत असेल तर त्या बाकावर कोण बसेल? गुप्ततेचे आश्वासन कितीही छापले तरी बाक सर्वांना दिसतो.

स्वायत्ततेची ही गरज सर्वांत तीव्रपणे भासते ती संशोधक विद्यार्थ्यांच्या बाबतीत, आणि साहाय्याच्या चर्चेत सर्वांत कमी उल्लेख होतो तोही त्यांचाच. पदवीच्या विद्यार्थ्याला आठ-दहा प्राध्यापक असतात. एकाशी बिनसले तरी दुसरा असतो. पीएचडी करणाऱ्याचे सर्व काही एका मार्गदर्शकाच्या हाती असते. पाठ्यवृत्तीच्या देयकावरील सही, प्रगती अहवाल, प्रयोगशाळेची किल्ली, शोधनिबंधावरील नावांचा क्रम, पुढील नोकरीसाठीचे शिफारसपत्र, आणि परदेशातून आलेला विद्यार्थी असेल तर व्हिसाची मुदतही. अशा विद्यार्थ्याने मार्गदर्शकाविरुद्ध तक्रार करायची म्हणजे चार-पाच वर्षांच्या कामावर पाणी सोडण्याची तयारी ठेवायची. तक्रार समितीत त्याच विभागातील दोन सहकारी प्राध्यापक बसलेले असतील तर ती तयारी कोण ठेवील? स्पेनने २००१ च्या विद्यापीठ कायद्याने प्रत्येक विद्यापीठात हक्कांविषयीच्या तक्रारी ऐकणारा स्वतंत्र ‘विद्यापीठ रक्षक’ नेमणे बंधनकारक केले, आणि इंग्लंड व वेल्समध्ये २००४ च्या कायद्याने विद्यापीठाबाहेरील स्वतंत्र निवाडा अधिकाऱ्याकडे दाद मागण्याची सोय झाली. पण दाद मागणे ही शेवटची पायरी आहे. त्याआधी हवे आहे ते असे: पहिल्या वर्षापासून प्रत्येक संशोधकाला विभागाबाहेरचा दुसरा मार्गदर्शक, दर सहा महिन्यांनी मार्गदर्शकाच्या अनुपस्थितीत होणारी, सर्वांसाठी सक्तीची भेट, आणि मार्गदर्शक बदलायचा झाल्यास पाठ्यवृत्ती खंडित होणार नाही अशी लेखी हमी. भेट सर्वांसाठी असली की ती मागण्याचा ठपका कोणावर येत नाही. आणि पाठ्यवृत्तीची देयके मार्गदर्शकाच्या सहीशिवाय निघावीत, एवढी एक कारकुनी सुधारणा केली तरी कित्येक समुपदेशन सत्रांचे काम होईल असा माझा अंदाज आहे.

विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी चालवलेल्या सेवांविषयी मी उत्साही आहे, पण सावधही आहे. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७० मध्ये सुरू झालेली ‘नाइटलाइन’ ही रात्रीची दूरध्वनी सेवा नाव न विचारता, उपदेश न करता ऐकून घेण्याच्या तत्त्वावर चालते. रात्री दोन वाजता कोणतेही कार्यालय उघडे नसते, आणि समवयस्काशी बोलणे अनेकांना सोपे जाते. मात्र अशा स्वयंसेवकांना नीट प्रशिक्षण, वरिष्ठांची देखरेख आणि त्यांच्या स्वतःच्या मनावरील ओझे उतरवण्याची जागा मिळाली पाहिजे. समुपदेशकाचा पगार वाचवण्यासाठी वीस वर्षांच्या मुलांना रात्रपाळीला बसवणे हे साहाय्य नाही.

या सर्व सेवांचे मूल्यमापन आज ज्या पद्धतीने होते तिच्यातच मूळ दोष लपलेला आहे. वार्षिक अहवालात किती विद्यार्थी केंद्रात आले, किती कार्यशाळा झाल्या, किती अर्ज निकाली निघाले हे आकडे असतात. आलेल्यांची मोजदाद केली की न आलेले आपोआप हिशेबाबाहेर जातात, आणि ज्या वर्षी कोणीच आले नाही ते वर्ष कागदावर सर्वांत सुखाचे ठरते. त्याऐवजी दर सत्राच्या शेवटी, ज्यांनी नोंदणी केली नाही किंवा अर्ध्यावर नाव काढले अशा प्रत्येक विद्यार्थ्याचा कागद उलट्या दिशेने वाचावा: पहिली गैरहजेरी कोणत्या आठवड्यात लागली, पहिली थकबाकी कोणत्या तारखेला नोंदली गेली, ग्रंथालयाचे खाते कधी थांबले, वसतिगृहाच्या वहीत काय लिहिले आहे, आणि या प्रत्येक नोंदीनंतर विद्यापीठातील कोणत्या माणसाने त्याला पहिला फोन केला. नावे वगळून तो तक्ता विद्या परिषदेसमोर ठेवावा. शेवटच्या रकान्यात किती जागा कोऱ्या आहेत ते सदस्यांना तेथे मोजता येईल.